रक्तातले शिसे आणि पेशीतला फिरता डीएनए

कोल्हापूरच्या आग्नेयेला, हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत आणि तिच्या आसपासच्या रेंदाळसारख्या गावांत चांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पैंजण, जोडवी, करदोडे, तोडे घडवताना आटणी एकीकडे, तार ओढणे दुसरीकडे, झाळकाम तिसऱ्या घरात आणि पॉलिश चौथ्या ठिकाणी अशी कामाची वाटणी असते. त्यातले बरेचसे काम राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या खोलीत होते. चांदीचा कणही वाया घालवायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. जमिनीवरचा केर, भांड्यांना चिकटलेली माती, घासकामातली भुकटी, सगळे गोळा करून त्यातून पुन्हा चांदी काढली जाते. अशुद्ध चांदी शुद्ध करण्याची जगभरची जुनी रीत शिशाची आहे. चांदीबरोबर शिसे वितळवून त्यावर हवा खेळवली की शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, बनते, तांब्यासारखे हलके धातू ते आपल्याबरोबर ओढून नेते आणि शुद्ध चांदी मागे उरते. या क्रियेत शिशाचा काही भाग धूर होऊन हवेत जातो. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांच्या, चांदीकाम करणाऱ्यांच्या आणि स्प्रे पेंटिंग करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करणारे काही शोधनिबंध २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झाले. बॅटरी कामगारांच्या दर डेसिलिटर रक्तात सरासरी पन्नास मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले, चांदी कारागिरांमध्ये पन्नासच्या थोडे खाली, रंगकाम करणाऱ्यांमध्ये वीस-बावीस. तुलनेसाठी घेतलेल्या, शिशाशी कामाचा संबंध नसलेल्या माणसांमध्येही ते बाराच्या आसपास होते. अमेरिकेत मुलांच्या रक्तातले शिसे किती असले की लक्ष द्यायचे, याची आजची रेषा ३.५ वर आखलेली आहे.

या निबंधांनी जे मोजले ते वैद्यकाच्या प्रस्थापित वाटेने जाणारे होते. रक्तातले तांबडे द्रव्य बनवणारी यंत्रणा किती मंदावली, यकृत आणि मूत्रपिंड कितपत काम करतात, ऑक्सिजनच्या अतिसक्रिय रेणूंचा त्रास किती वाढला, हे त्यांनी पाहिले. शिसे हे विष आहे आणि विषाची लक्षणे शोधायची, अशी ही दृष्टी. ती चुकीची मुळीच नाही. मात्र ती अपुरी आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. शिसे, कॅडमियम, निकेल, आर्सेनिक, पारा या धातूंचे एक काम असे आहे की त्याचे लक्षण आज दिसत नाही, उद्याही दिसेलच असे नाही. पेशीने आपल्या जनुकसंचात जे काही दाबून, बांधून, शांत ठेवलेले असते त्याचे बंध हे धातू सैल करतात. ज्या माणसाला पोटशूळ नाही, हातपाय लुळे पडलेले नाहीत, ज्याचे मूत्रपिंड चाचणीत ठीक आहे, त्याच्याही पेशींत हे घडत असू शकते.

मूळ कोडे असे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियम, आर्सेनिक, निकेलची संयुगे आणि षट्‌संयुजी क्रोमियम यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात ठेवले आहे. शिशाची असेंद्रिय संयुगे त्याखालच्या, बहुधा कर्करोगकारक असलेल्या वर्गात आहेत. कर्करोगकारक पदार्थ म्हटला की तो डीएनएची अक्षरे बदलत असणार, असे गृहीत धरण्याची सवय विज्ञानाला १९७०च्या दशकात लागली, कारण ब्रूस एम्स यांनी जिवाणूंवर करायची एक सोपी चाचणी तेव्हा दिली आणि शेकडो रसायने तिच्या जाळ्यात सापडली. आर्सेनिक, कॅडमियम आणि निकेल मात्र त्या जाळ्यातून निसटले. क्रोमियमचा अपवाद सोडला तर हे धातू जिवाणूंच्या चाचणीत फारच दुबळे ठरतात. पण खाणीत, भट्टीत, निकेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत काम केलेल्या माणसांच्या फुप्फुसांत त्यांनी काय केले याचा पुरावा भक्कम आहे. जो पदार्थ अक्षरे फारशी खोडत नाही तो ग्रंथ कसा बिघडवतो? याचे उत्तर एकच नाही. त्यातला एक मोठा धागा फिरत्या डीएनएकडे जातो आणि त्याची चर्चा मराठीत जवळपास झालेलीच नाही.

फिरत्या डीएनएचा शोध मक्याच्या कणसात लागला. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकी शास्त्रज्ञ १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके आणि पट्टे तपासत होत्या. ठिपक्यांचा हिशेब नेहमीच्या आनुवंशिकतेने लागत नव्हता. गुणसूत्रावरचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि जिथे बसतात तिथले जनुक बंद पाडतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पचायला जगाला तीस वर्षे लागली आणि नोबेल पारितोषिक १९८३ साली मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी भर दिला तो अशा तुकड्यांच्या नुसत्या असण्यावर नव्हे. जनुकसंचाला धक्का बसला की हे तुकडे जागे होतात, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या विषयाचे बीज तिथेच आहे, कारण जड धातू हा अशाच धक्क्यांपैकी एक.

माणसाच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा २००१ साली हाती आला तेव्हा त्याचा जवळपास ४५ टक्के भाग फिरत्या तुकड्यांपासून आलेला असल्याचे दिसले. प्रथिने घडवण्याच्या सूचना असलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी आहे. फिरत्या तुकड्यांपैकी बहुतेक आता मोडून पडलेले आहेत. ‘लाइन-१’ नावाचे घराणे मात्र अजून जिवंत आहे. त्याच्या सुमारे पाच लाख प्रती मिळून जनुकसंचाचा १७ टक्के भाग होतो. त्यातल्या बहुतेक अर्धवट, निकामी आहेत. एका माणसात ८० ते १०० प्रती मात्र आजही नव्या प्रती काढू शकतात. लाइन-१ स्वतःची जागा सोडत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पॅटर्न जसा जागेवर राहतो आणि त्याच्यावरून मातीत साचे पाडून ओतीव नग निघतात, तसे याचे आहे. मूळ तुकडा तिथेच, त्याची आरएनए प्रत निघते, त्या प्रतीवरून पुन्हा डीएनएची प्रत बनते आणि ती गुणसूत्रात भलत्याच ठिकाणी घुसते. घुसण्यासाठी लाइन-१चे स्वतःचे प्रथिन डीएनएला चीर पाडते. पाडलेली प्रत्येक चीर नीट सांधली जातेच असे नाही. ‘अलू’ नावाचे आखूड तुकडे, जे दहा लाखांहून जास्त आहेत, लाइन-१च्याच यंत्रणेवर जगतात.

यातून आजार होतो का, याचे उत्तर १९८८ साली मिळाले. हेग काझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाच्या २४० रुग्णांचे जनुक तपासले. त्यातल्या दोघांत, रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात लाइन-१ नव्याने येऊन बसलेले आढळले. त्या मुलांच्या आईवडिलांत ते त्या जागी नव्हते. पुढे अशा शंभराहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. कर्करोगाच्या गाठींचे चित्र आणखी अस्वस्थ करणारे आहे. २०१४ साली २९० गाठींचा अभ्यास झाला तेव्हा त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गाठींत लाइन-१च्या नव्या उड्या सापडल्या, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या गाठींत विशेष. उडी न मारताही हे तुकडे घात करतात, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. एकमेकांसारखे दिसणारे लाखो अलू जागोजागी विखुरलेले असल्याने तुटलेला डीएनए सांधताना पेशीची दुरुस्ती यंत्रणा चकते, एका अलूचे टोक दुसऱ्या अलूला जोडते आणि मधला भाग गळून पडतो. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ या जनुकाचा सुमारे ४२ टक्के भाग अलूंनी व्यापलेला आहे. तिथे असे गळणे किती महाग पडते, हे कर्करोगाच्या घराण्यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे धोका दुहेरी आहे: नवी प्रत भलतीकडे बसण्याचा, आणि जुन्या प्रतींमध्ये दुरुस्ती फसण्याचा.

पेशी हे सगळे निमूट सोसत नाही. फिरत्या तुकड्यांवर ती मिथाइलचे गट चढवते, म्हणजे ते वाचले जात नाहीत. त्यांच्यावरून प्रथिनांची घट्ट गुंडाळी करते. शेकडो प्रथिने खास या तुकड्यांची अक्षरे ओळखून त्यांच्यावर बसायला तयार झालेली आहेत आणि त्यांच्यातल्या मोठ्या वर्गाची रचना जस्ताच्या अणूभोवती वळलेल्या बोटांसारखी असते. तुटलेला डीएनए सांधणारी अनेक प्रथिनेही जस्तावर उभी आहेत. इथे धातूंचा प्रवेश होतो. कॅडमियम रसायनशास्त्राच्या तक्त्यात जस्ताच्या थेट खाली बसते, गंधकाला जस्तापेक्षा घट्ट चिकटते आणि जस्ताची जागा सहज बळकावते. जागा भरली तरी काम होत नाही. निकेल लोहाची जागा घेऊन मिथाइल काढणारी विकरे बंद पाडते. आर्सेनिक शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्याच्यावर मिथाइल गट चढवते आणि डीएनएवर चढणारे मिथाइलही त्याच साठ्यातून येत असते. शिशाची कथा तर पश्चिम महाराष्ट्रातल्या त्याच निबंधांत अर्धी लिहिलेली आहे. रक्ताचे तांबडे द्रव्य बनवताना लागणारे एक विकर शिसे बंद पाडते, हे त्यांनी कारागिरांच्या रक्तात मोजले. त्या विकराच्या गाभ्यातही जस्तच असते. शिशाने जस्ताला हुसकावून लावल्यामुळेच ते थांबते. हीच खोड शिसे पेशीत अन्यत्र लावत नसेल, असे मानायला कारण नाही. जस्तावर उभ्या असलेल्या, फिरते तुकडे दाबणाऱ्या प्रथिनांशी हा तर्क जोडून घ्यावा लागतो. तो अजून तर्कच आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांना पुरावा आहे.

थेट पुरावा २००५ साली आला. न्यू ऑर्लीन्सच्या ट्युलेन विद्यापीठातल्या गटाने माणसाच्या पेशींत लाइन-१ची अशी प्रत सोडली की ती यशस्वी उडी मारेल तरच त्या पेशीची वसाहत वाढेल. मग निरनिराळे धातू घालून वसाहती मोजल्या. पारा, कॅडमियम आणि निकेल यांच्या संयुगांनी उड्यांचे प्रमाण सुमारे तिप्पट केले. निकेलच्या बाबतीत हे वाढणे आरएनए प्रत निघाल्यानंतरच्या टप्प्यात घडते, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधाने दाखवले. कॅडमियमचा पुढचा अभ्यास २००६चा. साधी समजूत अशी होती की कॅडमियम डीएनए तोडत असेल आणि तुटलेल्या फटींत लाइन-१ घुसत असेल. तपासल्यावर उड्यांची वाढ डीएनए तुटण्यावर अवलंबून नसल्याचे आढळले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. धातूचे काम घणाने भिंत फोडण्याचे असते तर तोडफोड मोजून भागले असते. इथे तो राखणदारालाच कामातून उठवतो आहे. २००३ साली यीस्टवर झालेल्या प्रयोगाने याला दुजोरा दिला. कॅडमियमच्या थोड्या मात्रेने डीएनएची प्रत काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा थंडावली आणि चुका साठत गेल्या. अक्षर खोडणारा हात कॅडमियमचा नाही, चूक सुधारणारा हात त्याने धरून ठेवला आहे. एम्सच्या चाचणीतून हे धातू का निसटले, त्याचे उत्तर बरेचसे यात आहे.

प्रयोगशाळेतून माणसांकडे यायचे तर उड्या मोजणे कठीण, म्हणून संशोधक लाइन-१वरचे मिथाइल मोजतात. मेक्सिको सिटीतल्या माता आणि त्यांच्या नवजात बाळांचा अभ्यास २००९ साली आला. आईच्या गुडघ्याच्या वाटीत साठलेले शिसे जितके जास्त, तितके बाळाच्या नाळेच्या रक्तातल्या लाइन-१वरचे मिथाइल कमी, असा संबंध त्यात दिसला. बॉस्टनमधल्या वयस्क पुरुषांच्या २०१०च्या अभ्यासातही गुडघ्याच्या वाटीतल्या शिशाचा लाइन-१शी तसाच उलटा संबंध होता, अलूशी मात्र नव्हता. या दोन्हींत मोजलेले शिसे हाडातले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे. रक्तातले शिसे महिनाभरात निम्मे होते. हाडात ते दशके मुक्काम करते आणि गरोदरपणात, अंगावर पाजताना, म्हातारपणी हाड झिजताना पुन्हा रक्तात उतरते. तरुणपणी आटणीच्या खोलीत शेजारी बसून पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या बाईच्या हाडातले शिसे तिने काम सोडल्यावरही तिच्या बाळापर्यंत पोहोचू शकते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मात्रेचा आहे आणि तो गंभीर आहे. ट्युलेनच्या प्रयोगातल्या पेशी हेला नावाच्या, १९५१पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी होत्या. त्यांच्या जनुकसंचाची घडी आधीच विस्कटलेली असते. लाइन-१ही बाहेरून घातलेले, मोजणीच्या सोयीसाठी बदललेले. अशा पेशींतली तिप्पट वाढ हुपरीच्या कारागिराच्या फुप्फुसात तिप्पट वाढ असते, असे म्हणणे खोटे ठरेल. तसे म्हणण्याची गरजही नाही. प्रयोगाने जे सिद्ध केले ते इतकेच की वाट अस्तित्वात आहे. माणसांच्या अभ्यासांत त्या वाटेच्या सुरुवातीची खूण, म्हणजे कमी झालेले मिथाइल, दिसते. दोन्ही पुरावे वेगळ्या दिशांनी येऊन एकाच जागी भेटतात. दुसरा आक्षेप असा की मिथाइल कमी होणे म्हणजे उडी मारणे नव्हे. हे खरे आहे. मिथाइल उतरल्यावरही पेशीचे दुसरे पहारे उभे असतात. शिवाय दिशा एकसारखी नाही. उंदराच्या यकृतपेशींना आठवडाभर कॅडमियम दिले तर मिथाइल कमी होते आणि दहा आठवडे दिले तर उलट वाढते, असे २००३ साली दिसले आहे. ज्यांना धातूंचा परिणाम क्षुल्लक वाटतो ते या विसंगतीकडे बोट दाखवतात. मला ती परिणाम नसल्याची खूण वाटत नाही. आधी कमी आणि मग जास्त, म्हणजे ज्या पातळीवर पेशी स्वतःला राखते ती पातळी हलली. वाढलेले मिथाइल कर्करोगाला रोखणाऱ्या जनुकांवर चढले तर तेही तितकेच घातक. जनुकसंचाचे स्थैर्य या शब्दात मला ही पातळी टिकणे अभिप्रेत आहे.

तिसरा आक्षेप मॅक्लिंटॉक यांच्याच बाजूने येतो. फिरते तुकडे उत्क्रांतीचा कच्चा माल आहेत, मग त्यांच्या हालचालीला रोग का म्हणायचे? आपल्या प्रतिकारशक्तीतल्या असंख्य प्रतिपिंडांच्या जनुकांची कापणी-जोडणी करणारी विकरेसुद्धा एका प्राचीन फिरत्या तुकड्यातून आलेली आहेत. हे सगळे मान्य. पण उत्क्रांतीचा हिशेब लाखो वर्षांचा आणि समष्टीचा असतो. त्यात एखादी उपयोगी उडी टिकते आणि हजारो अपायकारक उड्या त्या-त्या जिवाबरोबर संपतात. आपल्याला चिंता आहे ती त्या संपणाऱ्या जिवांची. चाळीस वर्षांच्या कामगाराच्या फुप्फुसात झालेली उडी पुढच्या पिढीत जातच नाही, तिचा उत्क्रांतीला काही उपयोग नाही.

शिशापेक्षा कॅडमियमची गोष्ट कोल्हापूरच्या गुजरीला, म्हणजे सराफ बाजाराला, अधिक ओळखीची वाटेल. सराफी दुकानांवर ‘केडीएम’ अशा पाट्या झळकत असत. सोन्याची झाळ कॅडमियमची, म्हणून दागिन्याचा कस टिकतो, असे त्याचे समर्थन होते आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते बरोबरही होते. कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते, सोने आणि चांदी त्याहून कितीतरी जास्त तापमानाला वितळतात. फुंकणीच्या किंवा गॅसच्या ज्योतीखाली झाळीतले कॅडमियम उडते, त्याचे ऑक्साइड होते आणि सर्वांत जवळ नाक असते ते कारागिराचे. दागिना विकणाऱ्याच्या आणि घालणाऱ्याच्या वाट्याला यातले जवळजवळ काही येत नाही. एकदा मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमधल्या जिंझू नदीकाठी भातातून कॅडमियम खाल्लेल्या बायकांची हाडे मोडत गेली आणि १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केले, तोवर खाणीचे पाणी नदीत जाऊन कित्येक दशके झाली होती. केडीएम झाळ हळूहळू मागे पडली, तिच्या जागी कॅडमियम नसलेली झाळ आली आणि सराफीचा धंदा बुडाला नाही. आर्थिक आक्षेपाला हे मला पुरेसे उत्तर वाटते. चांदीच्या झाळीतही कॅडमियम नसलेले पर्याय उपलब्ध आहेत. त्यांचे वितळबिंदू थोडे वर असतात, हात बसायला वेळ लागतो, दरही जास्त पडतो. एवढी किंमत कारागिराने एकट्याने सोसावी, असे म्हणणे अन्यायाचे आहे. ती दागिन्याच्या मजुरीत यायला हवी.

कोल्हापुरी चप्पल हेही एक उदाहरण घेण्यासारखे आहे. जगभरातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. ते क्रोमियम सौम्य प्रकारचे असले तरी उष्णता आणि हवा यांच्या संगतीत त्यातले काही षट्‌संयुजी होऊ शकते. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावले जाते. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन ओळखीचे आणि बाजाराचे म्हणून साजरे झाले. त्यातले क्रोमियमविना कमावणे आरोग्याच्याही दृष्टीने जपण्यासारखे आहे, हे कुणी फारसे बोलले नाही. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये मात्र षट्‌संयुजी क्रोमियम आणि निकेल दोन्ही धुरात येतात. हैदराबादच्या वेल्डरांच्या रक्तातल्या आणि गालातल्या पेशींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या डीएनएमध्ये तुटफूट आणि पेशींत सूक्ष्मकेंद्रके, दोन्ही तुलनेच्या गटापेक्षा जास्त सापडली. सूक्ष्मकेंद्रक म्हणजे पेशी दुभंगताना मागे राहून गेलेला गुणसूत्राचा तुकडा. जनुकसंच अस्थिर झाल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. तिची चाचणी गालाच्या आतल्या त्वचेवरून, सुई न टोचता घेता येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ती वर्षाकाठी घेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही.

फिरत्या डीएनएची दुसरी बाजू माणसाच्या पेशीबाहेर आहे, नदीत. जिवाणूंमध्येही फिरते तुकडे असतात आणि ते एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. १९५०च्या दशकात जपानमधल्या आमांशाच्या जंतूंत सापडलेल्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या डीएनए-वलयावर, ‘टीएन-२१’ नावाचा तुकडा होता. त्यात पाऱ्याला तोंड देणारी जनुके आणि स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा औषधांना दाद न देणारी जनुके एकाच पुडक्यात बांधलेली होती. म्हणजे पाण्यात पारा असला की औषधाला दाद न देणारा जिवाणू औषधाविनाच निवडून येतो. १९९३ साली माकडांच्या दातांत पाऱ्याचे मिश्रण भरल्यावर त्यांच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंत पाऱ्याबरोबर प्रतिजैविकांनाही न जुमानणारे वाढले. चांदीचीही अशी जनुके आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर चांदीचे औषध लावत. तिथल्या जिवाणूत चांदीला न जुमानणारे प्लाझ्मिड १९७०च्या दशकात सापडले. पंचगंगेत कोल्हापूर शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून येत राहिले आहे आणि खाली इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचे पाणी मिळते. मैलापाण्यातले जिवाणू, त्यातली औषधे आणि कारखान्यांतले धातू यांची गाठ एकाच प्रवाहात पडणे ही अशा पुडक्यांना सर्वांत मानवणारी परिस्थिती आहे. पंचगंगेच्या चर्चेत मेलेले मासे, फेस आणि जलपर्णी येतात. पाण्यातल्या जिवाणूंची धातूंना आणि औषधांना तोंड देणारी जनुके मोजणे त्यात यायला हवे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१ आणि निकेल ०.०२ यांहून जास्त नसावे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याचा रोग ठरवला. हे दोन्ही नियम लक्षणे आणि मर्यादा यांच्या भाषेत बोलतात. घरात चालणाऱ्या आटणीला कारखान्याचा कायदा पोहोचतच नाही, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत तो जात नाही. त्या घरात रांगणारे मूल जमिनीवरची भुकटी हाताला लावून तोंडात घालते आणि प्रौढापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात शिसे शोषून घेते. जनुकसंचाच्या अस्थैर्याला ठरावीक सुरक्षित रेषा असेल, अशी आशा आपण बाळगू नये. पेशीवरचा पहारा थोडा ढिला झाला तर थोडा, जास्त झाला तर जास्त धोका असतो आणि तो वर्षांनी वाढत जातो. म्हणून मोजायचे तर आजच्या रक्ताबरोबर कामाची एकूण वर्षे, हाडातला साठा आणि पेशींतली सूक्ष्मकेंद्रके मोजायला हवीत.

हुपरीच्या कारागिराला चांदीचे काम सोडा असे सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. आटणी आणि झाळकाम राहत्या घरातून बाहेर काढून धूर ओढणाऱ्या पंख्याखाली, सामाईक शेडमध्ये नेणे, केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपणे, कामाचे कपडे घरी न नेणे, गरोदर बायका आणि मुले यांना त्या खोलीपासून दूर ठेवणे, या गोष्टी आजच्या आज करता येतात. हुपरीच्या चांदी संघटनांनी आणि नगरपरिषदेने, तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेने आणि शिवाजी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागांनी एकत्र येऊन दरवर्षी कारागीर, त्यांच्या घरच्या बायका आणि पाच वर्षांखालची मुले यांच्या रक्तातले शिसे तपासावे, गालातल्या पेशी तपासाव्यात आणि आकडे गावासमोर मांडावेत. पहिल्या फेरीला शासनाची मोठी योजना लागत नाही, एक प्रयोगशाळा आणि गावाची संमती पुरते.